सुरकुती, सुई आणि कुपी

भंडारा शहराची ख्याति पितळी भांड्यांची. शहराचें नांवच 'भाणें' या शब्दावरून पडलें असें सांगणारे जुने लोक तेथें भेटतात. माझें बालपण वैनगंगेकांठच्या त्याच मुलुखांत गेलें, आणि कल्हईवाल्याची लांबलचक आरोळी अजून माझ्या कानांत आहे. तो दारासमोर खळगा करून भट्टी पेटवी, भात्यानें कोळसे फुलवी, भांडें तापलें म्हणजे त्यांत नवसागर टाकी, पांढरा धूर निघे, आणि मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानें तें रुपेरी पाणी तो आंतल्या अंगाला सर्वत्र पसरी. आम्ही मुलें धुराकडे आणि चकाकीकडे पाहत असूं. आमची आजी मात्र उंबऱ्यावर बसून कथिलाच्या कांडीवर नजर ठेवी. कथिलांत शिसें मिसळलें असलें तरी चकाकी तशीच येते, पण पुढें अन्नाबरोबर पोटांत विष जातें, हें तिला ठाऊक होतें. आणि कल्हई कितीहि उत्तम झाली तरी कांहीं महिन्यांनीं ती उडते व पुन्हां करावी लागते, हेंहि तिला ठाऊक होतें.

ही आठवण जागी होण्याचें कारण माझी तुमसरची मामेबहीण. मागल्या उन्हाळ्यांत तिच्या मुलीचें लग्न नागपुरास व्हावयाचें होतें. वय पन्नाशीच्या आंतबाहेर. कपाळावर आणि दोन भुंवयांच्या मध्यें संसाराच्या काळजीनें आंखलेल्या दोन उभ्या रेघा. कोणीतरी तिच्या हातांत जाहिरातीचा कागद दिला होता. एका बैठकींत सुरकुत्या नाहींशा करून देण्याचें त्यांत आश्वासन होतें. कागद माझ्यापुढें ठेवून ती म्हणाली, "दादा, ही सुई घ्यावी कीं घेऊं नये, एवढें सांग." मला एका शब्दांत उत्तर देतां आलें नाहीं. त्या सुईचा इतिहास सांगितल्यावांचून तें उत्तर देतां येण्यासारखें नव्हतेंच. तोच इतिहास आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतों. आपला चेहरा नीट दिसावा ही इच्छा कोणीं हंसण्यावारी नेऊं नये. ती जुनी आहे आणि तिनें आपल्याच प्रांतांत मोठें कार्य घडविलें आहे. सन १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईंत इंग्रजी सैन्याबरोबर असलेला कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आले. पुढें सुमारें एक वर्षानें पुण्याजवळ विटा भाजण्याचा धंदा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें कावसजीच्या कपाळाची कातडी खालीं वळवून तिचें नवें नाक करून दिलें. हें वृत्त लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्यें ऑक्टोबर १७९४ मध्यें चित्रासह छापून आलें. तें वाचून कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८१४ मध्यें लंडनला तसाच प्रयोग केला, आणि युरोपांत या शास्त्राला नवी चालना मिळाली. त्या कारागिराचें नांव मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं. ज्या कपाळानें कावसजीला नाक दिलें, त्याच कपाळावर आज ही सुई टोचली जाते. फरक इतकाच कीं, कावसजी गमावलेलें परत मागत होता. आज आपण काळानें दिलेलें परत करूं पाहतों.

आतां या सुईंत काय असतें तें पाहूं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनींतील वुर्टेंबर्ग प्रांतांत एक चमत्कारिक रोग दिसूं लागला. मांस भरून धुरावलेलीं आंतडीं, म्हणजे सॉसेज, खाऊन लोक आजारी पडत. एकाच्या दोन वस्तू दिसूं लागत, पापण्या गळत, घोट गिळतां येईनासा होई, आणि अखेर श्वास थांबे. बुद्धि मात्र बहुधा शेवटपर्यंत शाबूत राही. जुस्टिनुस केर्नर हा तेथील सरकारी वैद्य होता आणि तो कवि म्हणूनहि प्रसिद्ध होता. त्यानें १८२० व १८२२ मध्यें या विषबाधेवर दोन ग्रंथ लिहिले. दुसऱ्या ग्रंथांत १५५ रोग्यांची हकीकत आहे. विषाचा अर्क त्यानें स्वतः चाखून पाहिला. हें विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा हुकूम अडवितें, हें त्यानें ओळखलें; आणि अत्यल्प मात्रेंत दिल्यास ज्या रोगांत स्नायु अनावर होतात तेथें याचेंच औषध होईल, असेंहि त्यानें सुचविलें. ही सूचना खरी ठरण्यास पुढें दीडशेंहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

सन १८९५ च्या डिसेंबरांत बेल्जममधील एलझेल या खेड्यांत एका अंत्यविधीच्या जेवणांत वाजंत्री वाजविणाऱ्यांच्या ताफ्यानें खारविलेलें डुकराचें मांस खाल्लें. पुष्कळ जण आजारी पडले व तिघे दगावले. घेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनीं त्या मांसांतून व मृतांच्या शरीरांतून एक जंतु वेगळा काढला आणि १८९७ मध्यें तें संशोधन प्रसिद्ध केलें. लॅटिन भाषेंत सॉसेजला 'बोट्युलस' म्हणतात; त्यावरून रोगाचें नांव बोट्युलिझम व विषाचें नांव बोट्युलिनम असें पडलें. हा जंतु हवा नसलेल्या जागीं वाढतो आणि मातींत बीजरूपानें दीर्घकाळ टिकून राहतो. मातींत राहणारे धनुर्वाताचे जंतु हे त्याचे सख्खे भाऊबंद होत. या नात्याची आठवण ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकन शास्त्रज्ञांनीं हें विष शस्त्र म्हणून अभ्यासिलें. सन १९४६ मध्यें तें स्फटिकरूपानें शुद्ध मिळालें. तें मनुष्याच्या शरीरांत सरळ टोचलें गेल्यास एका ग्रॅमचा सुमारें एक कोट्यांश भाग प्राणघातक ठरूं शकेल, असा अंदाज आहे. माणसाला ज्ञात असलेल्या विषांत याहून जहाल विष नाहीं. सन १९४९ मध्यें लंडन येथील संशोधकांनीं त्याची कृति उलगडली. मज्जातंतूच्या टोकाशीं अ‍ॅसेटिलकोलीन नांवाचें द्रव्य पाझरतें व त्यामुळें स्नायु आंवळतो. हें विष तो पाझरच बंद करतें. स्नायु मरत नाहीं; त्याला हुकूम पोंचत नाहीं, म्हणून तो सैल पडतो.

या विषाला औषधाच्या पंक्तीस आणून बसविलें तें सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट या नेत्रवैद्यानें. तिरळ्या डोळ्यांत एक स्नायु दुसऱ्याहून अधिक ओढतो. शस्त्रानें तो कापण्याऐवजीं अल्प विषानें थोडा ढिला करतां आला तर डोळा सरळ होईल, ही त्याची कल्पना. माकडांवरील प्रयोग त्यानें १९७३ मध्यें व माणसांवरील १९८० मध्यें प्रसिद्ध केले. सन १९८९ मध्यें अमेरिकन सरकारनें तिरळेपणा व पापण्यांची अनावर मिटणी यांसाठीं त्याला मान्यता दिली. त्या औषधाला पुढें 'बोटॉक्स' हें नांव मिळालें. कॅनडांतील व्हँकूव्हर येथें जीन कारदर्स या नेत्रवैद्य बाई पापण्यांच्या विकारावर हेंच इंजेक्शन देत असतां, सुई भुंवईजवळ टोचली म्हणजे कपाळावरील त्रासिक भाव मावळतो, असें एका रोगी बाईच्या ध्यानांत आलें. जीनबाईंचे पति अलास्टेर हे त्वचारोगांचे वैद्य. १९८७ पासून दोघांनीं या दिशेनें प्रयोग केले व १९९२ मध्यें आपला अनुभव छापला. अमेरिकेंत भुंवयांमधील रेघांसाठीं १९९२ नंतर तब्बल दहा वर्षांनीं, २००२ मध्यें, या औषधाला रीतसर परवानगी मिळाली. तात्पर्य, हें औषध शृंगाराच्या मेजावर जन्मलेलें नाहीं. तें विषबाधेच्या खाटेवरून नेत्ररुग्णालयांत व तेथून आरशापुढें आलें आहे.

आतां त्याचा गुण काय व मर्यादा काय? कपाळाला आठ्या घालणें, भुंवया आक्रसणें, हंसतांना डोळ्यांच्या कडांना घड्या पडणें, या सर्व स्नायूंच्या हालचाली आहेत. वर्षानुवर्षें एकाच जागीं घडी पडली म्हणजे कातडीवर रेघ उमटते. सुईनें स्नायु सैल केला म्हणजे ही रेघ मंदावते. परिणाम कांहीं दिवसांनीं दिसूं लागतो, सुमारें दोन आठवड्यांत पुरता दिसतो व तीन ते चार महिन्यांत ओसरतो; कारण मज्जातंतु आपला व्यवहार पुन्हां सुरू करतो. म्हणजे ही कल्हईच होय. हवी असेल तर पुन्हां पुन्हां करावी लागते. उन्हानें कातडीचा कस गेला असेल, गाल ओघळले असतील, स्वस्थ असतांहि खोल रेघ दिसत असेल, तर एकट्या या सुईनें फारसें साधत नाहीं. गालांत वा ओठांत भर घालण्यासाठीं जें दुसरें द्रव्य टोचतात, ज्याला 'फिलर' म्हणतात, तें सर्वस्वी निराळें आहे. तें चुकून रक्तवाहिनींत गेल्यास कातडी मरण्याचा व क्वचित् दृष्टि जाण्याचाहि धोका असतो. दोहोंना एकच समजून चालूं नये.

येथें कोणी विचारील कीं, इतकें जहाल विष मुळीं टोचून घ्यावेंच कशाला? त्याला उत्तर मात्रेचें आहे. ज्या मात्रेनें उंदरांच्या एका समूहांतील निम्मे उंदीर मरतात तिला एक युनिट म्हणतात. भुंवयांमधील रेघांसाठीं बोटॉक्सचीं सुमारें वीस युनिटें पांच जागीं विभागून देतात. मनुष्याला घातक ठरणारी मात्रा यापेक्षां शंभरपटींहूनहि अधिक असावी असा अंदाज आहे. अस्सल औषध, मोजकी मात्रा आणि जाणता हात असेल तर हा उपचार बऱ्यापैकीं निर्धोक ठरला आहे. डोकेदुखी, टोचल्या जागीं काळेंनिळें होणें, क्वचित् एखादी पापणी कांहीं आठवडे खालीं लोंबणें, एवढ्यावर बहुधा निभावतें. पण या वाक्यांतील तीन अटींपैकीं एक जरी ढळली तर काय होतें, तें सांगण्यासाठीं आपल्याच मुंबईंतील एक जुनी हकीकत सांगतों.

सन १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढें परळ येथील प्रयोगशाळेंत ती मोठ्या प्रमाणावर होऊं लागली व देशभर जाऊं लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या खेड्यांत १०७ लोकांना ती टोचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जणांना एकाच कुपींतील लस मिळाली होती. ते एकोणीसहि धनुर्वात होऊन मरण पावले. इतर कुप्यांतील लस घेतलेल्यांपैकीं कोणालाहि धनुर्वात झाला नाहीं. दोष परळला देण्यांत आला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावें लागलें. पुढें बारकाईनें तपास झाला तेव्हां असें दिसून आलें कीं, ती कुपी उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरण्यांत आला होता. नामांकित शास्त्रज्ञांनीं हाफकिन यांचा पक्ष उघडपणें मांडला, आणि १९०७ मध्यें त्यांच्यावरील ठपका दूर झाला. सन १९२५ मध्यें परळच्या त्या संस्थेला त्यांचें नांव देण्यांत आलें. पण मुलकोवालचीं एकोणीस माणसें परत आलीं नाहींत.

या हकीकतींतील धनुर्वाताचा जंतु हाच बोट्युलिनमच्या जंतूचा भाऊबंद. दोघांचें विष मज्जातंतूच्या व्यवहारावरच घाला घालतें; एकानें शरीर धनुष्यासारखें ताठतें, दुसऱ्यानें तें लुळें पडतें. परंतु मीं ही हकीकत सांगितली ती या नात्यासाठीं नव्हे. लस उत्तम होती आणि करणारा विद्वान् होता. तरी शेवटच्या दोन हातांतील अंतरांत घात झाला. औषधाचा इतिहास हा पुष्कळसा त्याच्या कुपीच्या प्रवासाचा इतिहास असतो. नव्या काळांतहि हाच धडा मिळाला आहे. नोव्हेंबर २००४ मध्यें अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत चार जणांना सुरकुत्यांसाठीं सुई टोचण्यांत आली. तिच्यांत परवान्याचें औषध नव्हतें. प्रयोगशाळेसाठीं विकलेलें, माणसांवर वापरण्यास मनाई असलेलें विष होतें. चौघेहि लुळे पडले व त्यांना यंत्रानें श्वास द्यावा लागला. त्यांतील एक तर सुई देणारा स्वतःच होता. सन २०२४ मध्येंहि अमेरिकेंत बनावट किंवा अयोग्य रीतीनें हाताळलेल्या अशा इंजेक्शनांनीं अनेक जण आजारी पडले.

आतां माझ्या बहिणीच्या प्रश्नाकडे परत येतों. मीं तिला सांगितलें, "बाई, घे किंवा घेऊं नको, पण आधीं तीन गोष्टी विचार."

पहिली गोष्ट कुपीची. ती आपल्यादेखत उघडली जाते काय? तिच्यावर औषधाचें व करणाऱ्या कंपनीचें नांव, तुकडीचा क्रमांक व मुदत स्पष्ट छापली आहे काय? हें औषध थंडींत, दोन ते आठ अंशांच्या दरम्यान, ठेवावें लागतें. वैशाखांत आपल्या विदर्भांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो; तेव्हां ही कुपी येथवर कशी आली व कोठें ठेवली होती, हें विचारण्यांत कांहींच वावगें नाहीं. एका कंपनीचें युनिट हें दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर नसतें. म्हणून कोणतें औषध व किती युनिटें, हें कागदावर लिहून घ्यावें. भाव फारच उतरलेला असला तर आनंद मानण्यापूर्वीं थोडें थांबावें.

दुसरी गोष्ट हाताची. सुई देणाराचें नांव वैद्यकीय परिषदेच्या नोंदणींत आहे काय? चेहऱ्यावरील स्नायु, शिरा व मज्जातंतु यांचें शिक्षण त्यानें घेतलें आहे काय? कांहीं विपरीत घडलें तर तो कोठें भेटेल? केस कापण्याची किंवा हळदीचा लेप लावण्याची जागा चांगली असेल; पण तेवढ्यानें ती विष मोजण्याची जागा होत नाहीं.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या प्रकृतीची. स्नायूंना थकवा आणणारा मायस्थेनियासारखा रोग असेल, टोचण्याच्या जागीं जखम किंवा पू असेल, किंवा पूर्वीं या औषधाचें वावडें दिसलें असेल, तर ही सुई घेऊं नये. गरोदरपणीं व मूल अंगावर पीत असतां ती पुढें ढकलणेंच बरें. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखीं प्रतिजैविकें किंवा रक्त पातळ करणारीं औषधें चालूं असतील तर तें डॉक्टरांस आधीं सांगावें. लग्नाच्या आदल्या दिवशीं तर ही सुई मुळींच घेऊं नये. परिणाम यावयास दिवस लागतात आणि पापणी लोंबली तर मंडपांत झाकावयाचें काय, असा प्रश्न पडेल.

आणि सुई घेतल्यावर, कांहीं तासांनीं असो वा कांहीं आठवड्यांनीं, गिळतांना अडूं लागलें, बोबडें बोलणें झालें, एकाच्या दोन वस्तू दिसूं लागल्या, सर्वांगाला गळाठा आला किंवा श्वास जड झाला, तर संकोच न करतां मोठ्या रुग्णालयांत जावें व सुई घेतल्याचें प्रथम सांगावें. केर्नरनें लिहून ठेवलीं तींच हीं लक्षणें आहेत. पुष्कळ बायका घरांत न सांगतां ही सुई घेतात व मग त्रास झाला तरी तोंड उघडीत नाहींत. या रोगांत ती लाज जिवावर बेतूं शकते. कारण विषावरचा उतारा जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.

माझी बहीण तो कागद घेऊन त्या ठिकाणीं गेली व तिनें प्रथम कुपी पाहावयास मागितली. कुपी आंत असते, गिऱ्हाइकांना दाखवीत नाहींत, असें तिला उत्तर मिळालें. ती उठून घरीं आली. लग्नांत तिच्या कपाळावरच्या दोन्ही रेघा जागच्या जागीं होत्या, आणि मुलीला निरोप देतांना त्या अधिकच खोल झालेल्या मीं पाहिल्या. पुढें ती एखाद्या जाणत्या डॉक्टराकडे जाईल, किंवा जाणारहि नाहीं. तो तिचा प्रश्न आहे. निघतांना ती मला एवढेंच म्हणाली कीं, आजीच्या वेळीं कल्हईवाला भट्टी दारासमोर पेटवीत होता आणि न मागतां कथिलाची कांडी हातांत देत होता.